पस्तीसची मॅन्युअल लेन्स : मे ते गणपती

पहिल्या रविवारी दादरच्या फूलबाजारात २१२ फोटो काढले. घरी येऊन स्क्रीनवर मोठे करून पाहिले तर फोकसमध्ये ३१. बाकीच्यांत कुठे डोळ्याऐवजी कान टिपलेला, कुठे माणसाच्या मागची पाटी, आणि बऱ्याच ठिकाणी काहीच नाही, नुसता केशरी धूर. ऑटोफोकसने इतकी वर्षं माझं किती झाकून नेलं होतं ते त्या सकाळी कळलं.

लेन्स म्हणजे ३५ एमएम, एफ/१.४ (हा आकडा आतल्या भोकाचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा; आकडा जितका लहान तितकं भोक मोठं), चिनी बनावटीची, सगळी धातूची. कॅमेऱ्याशी बोलणारी एकही पिन नाही, फोकस रिंग फिरवून हातानेच करायचा. फोर्टात सेकंडहँड घेतली, घासाघीस करून साडेपाच हजारांना. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सेव्हन आर्टिसन्स, टीटी आर्टिसन, मेइके अशा अनेकांच्या स्वस्त मॅन्युअल पस्तीस बाजारात आहेत, आणि या किमतीत नगानगात फरक निघतो. माझ्या एका नगावरून कुणाच्या नावाने बिल फाडायचं नाहीये. बॉडी जुनीच, सोनी ए६०००, २०१४ साली आलेला, २४ मेगापिक्सेल, बॉडीत हाताचा कंप आवरणारं स्टॅबिलायझेशन नाही. सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान, असल्यामुळे पस्तीसची ही लेन्स फुलफ्रेमच्या साधारण ५२ एमएमसारखी दिसते, म्हणजे आपली नेहमीची पन्नास.

दुकानातच पहिला घोटाळा झाला. लेन्स लावली, शटर दाबलं, कॅमेरा गप्प. पिनच नाहीत म्हटल्यावर त्याच्या मते समोर लेन्सच नव्हती. मेनूत जाऊन ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू करावं लागतं. दुसरं म्हणजे, रिंग फिरवली की चित्र आपोआप मोठं होतं, ती सोयही इथे चालत नाही. म्हणून चित्र मोठं करून दाखवणारा फोकस मॅग्निफायर मी सी१ बटणावर टाकून घेतला. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (भोक आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेऱ्याने) मात्र व्यवस्थित चालते, कारण कॅमेरा आत येणारा उजेड मोजतो, तो कुठल्या आकड्यावर आला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. फोटोच्या माहितीत अ‍ॅपर्चरच्या जागी काहीच येत नाही, म्हणून खिशात छोटी वही ठेवतो.

आता ते १८१ फोटो का हुकले ते सांगतो, कारण यातच सगळी मजा आहे.

पहिला गुन्हेगार पीकिंग. फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी ही सोय बागेत, गॅलरीत छान वाटते. फूलबाजारात तिची दाणादाण उडते. ए६०००वर पीकिंगला तीन रंग मिळतात : पांढरा, लाल, पिवळा. मी लाल ठेवला होता. समोर झेंडूचे ढीग, मागे झेंडूचे ढीग, माळा ओवणाऱ्या मावशींच्या मांडीवर झेंडू. लाल ठिपके केशरीत विरघळून गेले. पांढरा केला, झेंडूवर दिसायला लागला, आणि दहा पावलांवर मोगरा आणि पांढरी शेवंती! पुन्हा लाल. त्या गल्लीत मी फोटोंपेक्षा मेनूच जास्त चाळला असेन. शिवाय एफ/१.४ वर पीकिंग सढळ हाताने रंग भरतं. डोळ्याच्या थोडं पुढे आणि थोडं मागे, दोन्हीकडे ते ‘बरोबर’ म्हणतं. आता माझा नियम असा की पीकिंग फक्त जवळपास पोचायला, आणि शेवटचं केसभर अंतर मॅग्निफायरने.

दुसरा गुन्हेगार गणित. दीड मीटरवरच्या माणसावर एफ/१.४ ला फोकस केला, तर नाकाकडून कानाकडे मिळून जेमतेम दहा सेंटिमीटर धारदार राहतात. ३० सेंटिमीटरवर, म्हणजे ही लेन्स जास्तीत जास्त जितकी जवळ जाते तिथे, चार मिलिमीटरच्या आसपास. श्वास घेतला तरी हुकतो. माळ ओवणाऱ्या बाईंच्या सुईच्या टोकावर मी असा अडकून पडलो होतो, तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, “दादा, फोटो काढतोस की पूजा घालतोस? फुलं सुकतील आमची.” मग मी पुढे सरकलो. त्यांचंही बरोबर होतं.

झेंडूपुरती एक टीप, लेन्सचा यात काही दोष नाही : केशरी फुलांवर चित्रातला लाल रंग (लाल चॅनल) आधी फुटतो, म्हणजे त्यातले बारकावे जातात, आणि उजेडाचा आलेख दाखवणारा साधा हिस्टोग्राम सगळं ठीक असल्याचं सांगत राहतो. मी उजेड (एक्स्पोजर) दोन-तृतीयांश स्टॉप कमी घेतो. पाकळ्यांतल्या रेषा राहतात.

जूनच्या सुरुवातीला असं ठरवलं की निदान अंतराचा तरी अंदाज हाताला बसवायचा. लेन्सवर छापलेल्या अंतरांवर भरवसा नव्हता, ‘३ मीटर’ म्हणून दाखवायची तिथे माझ्या मोजणीने सव्वातीन भरत होते. म्हणून रिंगवर पांढऱ्या इलेक्ट्रिकल टेपची पट्टी गुंडाळली आणि स्वतःच्या खुणा करायच्या ठरवल्या. कॅमेऱ्याच्या डोक्यावर वर्तुळातून आरपार गेलेली एक रेघ कोरलेली असते, ती सेन्सरची जागा. अंतर तिथपासून धरायचं, लेन्सच्या तोंडापासून नाही. बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये ट्रायपॉड लावला, मोजपट्टी अंथरली, एका टोकाला जुनं कॅलेंडर टांगलं.

दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरचे काका हजर. “कार्पेट एरिया मोजताय? बिल्डर आला का?” मी म्हटलं, नाही काका, लेन्स. आणखी पाच मिनिटांनी काकूही आल्या. संध्याकाळपर्यंत आमच्या विंगमध्ये रिडेव्हलपमेंटचा सर्व्हे झाल्याची बातमी होती, आणि सेक्रेटरींनी मला खाली थांबवून हळूच विचारलं, “पॅसेज धरणार का हो एरियात?” मुलुंडमध्ये मोजपट्टी हातात घेऊन उभं राहायची सोय उरलेली नाही.

पण खुणा झाल्या : एक, दीड, दोन, तीन, पाच मीटर. त्यातली तीनची खूण सगळ्यात कामाची. एफ/८, फोकस तीन मीटरवर, की साधारण २.२ पासून ४.९ मीटरपर्यंतचं सगळं चालण्यासारखं धारदार. मग डोळ्याला कॅमेरा लावायचीही गरज नाही. दादरच्या पुलावर, सकाळी डोक्यावर पाट्या घेऊन चढणाऱ्या माणसांसमोर ऑटोफोकस अजून विचार करत असतो तेवढ्यात माझा फोटो झालेला असतो. फक्त पावसाळी उजेडात एफ/८ परवडायला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) सोळाशेच्या वर न्यावा लागतो, आणि या जुन्या सेन्सरवर तिथून कण दिसायला लागतात. मला ते चालतात.

एका सकाळी मात्र पुलावरचे चाळीसेक फोटो मऊ, म्हणजे धार नसलेले, आले. कारण शोधायला दोन दिवस गेले. अ‍ॅपर्चरच्या रिंगला क्लिक नाहीत. व्हिडिओवाल्यांना ते आवडतं, पण बॅगेतून काढताना माझा अंगठा लागून एफ/८ चं एफ/२.८ झालं होतं. आता रिंगवर रबर बँड असतो. हो, भाजीच्या जुडीचा.

मरीन ड्राइव्हला इन्फिनिटी, म्हणजे सगळ्यात लांबचा फोकस, तपासायला गेलो. नरिमन पॉइंटच्या टोकाला उभं राहिलं की खाडीपलीकडे मलबार हिलचे दिवे, पस्तीसच्या लेन्सला यापेक्षा लांबचं काय हवं? रिंग इन्फिनिटीच्या खुणेवर नेली तर दिवे फुगलेले. खुणेच्या थोडं अलीकडे परत आणलं की टिपकागदावरच्या शाईसारखे पसरलेले ठिपके आवळून बारीक झाले. म्हणजे ही लेन्स इन्फिनिटीच्या पुढे जाते. हा दोष मी आनंदाने पत्करतो. अलीकडेच थांबणारी लेन्स आली असती तर डोंगर-समुद्र कायमचे धूसर. स्क्रू खोलून जुळवता येतं म्हणतात. मी टेपवर एक लाल रेघ मारली आणि विषय संपवला.

तिथेच कोपऱ्यांची परीक्षा झाली. एफ/१.४ वर चौकटीच्या कडेचे दिवे ठिपके राहत नाहीत, पंख पसरलेल्या बगळ्यांसारखे दिसतात; याला कोमा म्हणतात. एफ/२.८ ला पंख मिटतात, एफ/४ ला ठिपके होतात. मध्यभाग एफ/२ पासूनच चांगला. एफ/११ ला प्रत्येक दिव्याचा दहा टोकांचा तारा होतो, कारण आत दहा पाती आहेत. पात्यांची संख्या सम असेल तर तितकीच टोकं, विषम असेल तर दुप्पट. समोरून ट्यूबलाइट किंवा गाडीचा हेडलाइट आला की सगळ्या चित्रावर दुधाची साय धरते. हूड नाही, हातानेच आडोसा करायचा.

मग पाऊस लागला आणि माझी खरी काळजी सुरू झाली. दोन वर्षांपूर्वी चोर बाजारातून आणलेली एम४२ माउंटची (जुनी, स्क्रूने बसणारी) ५८ एमएम लेन्स मी चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवली होती. ऑगस्टमध्ये काढली तर आतल्या काचेवर कोळ्याचं जाळं. बुरशी. केस चामड्याची, कपाट बंद, बाहेर मुंबईचा जुलै; दुसरं काय होणार होतं? आता सगळ्या लेन्स फरसाणाच्या हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा ४५ ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवतो. जेल घ्यायचंच तर केशरी घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघरातल्या कढईत तापवून वाळवायचं नाही. हे मला जेल कढईत ओतल्यावर कळलं आणि आईला ती कढई बघितल्यावर. आणि तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवायचा सल्ला कुणी दिला तर मान डोलवा, करू नका. पीठ आत जातं.

या लेन्सला पाण्यापासून संरक्षण काहीच नाही. एसी लोकलमधून उतरलं की धातूची नळी गार असते आणि प्लॅटफॉर्मवरची दमट हवा लागताच काचेवर धुकं बसतं. पुसायचं नाही, बॅगेतच दहा मिनिटं राहू द्यायची.

ऑगस्टमध्ये लालबागला एका गणपतीच्या कारखान्यात जायला मिळालं. ताडपत्रीखाली दाटीने उभ्या मूर्ती, ओल्या रंगाचा वास, वर दोन ट्यूबलाइट. एफ/१.४, शटर १/१२५, आयएसओ १६००. आखणी चालू होती. डोळे रेखणारे काका स्टुलावर बसलेले, एका हाताने मूर्तीच्या कपाळाचा आधार घेतलेला, दुसऱ्यात अगदी बारीक ब्रश. मी टेपवरच्या एक मीटरच्या खुणेवर रिंग ठेवली आणि तिला पुन्हा हात लावला नाही. फोकस करायला अंगच पुढेमागे झुलवायचं, मॅग्निफायरमध्ये डोळ्यातल्या बाहुलीची कड लख्ख झाली की दाबायचं. ही युक्ती जुलैभर घरातल्या घड्याळावर घोकली होती.

काकांनी ब्रश टेकवण्याआधी न बघताच सांगितलं, “आता हलू नका, फळी हलते.” मी ज्या फळीवर उभा होतो तीच स्टुलाखाली गेली होती. झुलणं बंद. रेघ पुरी होईपर्यंत दोघांनीही श्वास धरला. त्यांनी सोडला, मग मी सोडला, आणि मगच शटर दाबलं.

त्या दुपारी ९६ फोटो, ५४ फोकसमध्ये. त्या एका रेघेचा मात्र हुकला. ब्रश धारदार आलाय, डोळा नाही.