लाल बटण कोणी दाबायचं?

फेब्रुवारी सरत आला की हिंगणघाटकडच्या जिनिंगांमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांमध्ये, जीव टांगणीला लागतो. दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या पहिल्या वेचणीच्या कापसात ओलावा असतो. उन्हं तापायला लागली की कापूस इतका कोरडा होतो की एक ठिणगी पुरते. बंडीतून, ट्रॉलीतून कापसासोबत एखादा खडा किंवा नटबोल्ट येतो, कापूस ओढणाऱ्या पंख्याच्या पात्यावर आदळतो, आणि पेटलेला पुंजका पुढे जातो. ज्वाळा दिसत नाही. कापूस आतल्या आत धुमसत राहतो.

अशाच एका जिनिंगमध्ये मी पाळीप्रमुख आहे. मशीनच्या रांगेवर आसपासच्या गावांतल्या बाया असतात. कापूस सारायचा, कवडी म्हणजे खराब कापूस, सुतळी, प्लास्टिक वेचायचं. सरकी काढलेली रुई दाबून गाठी बांधणाऱ्या प्रेसवरची पोरं मध्यप्रदेशातली. त्यांना गाठीमागे मजुरी, आणि एक गाठ १७० किलोची. मशीन थांबली की गाठ थांबते, आणि गाठ थांबली की पोराच्या घरी जाणारा पैसा थांबतो. तिथं ‘धोका दिसल्यास त्वरित कळवा’ अशी पाटी लावून काय उपयोग? धोका सगळ्यांनाच दिसतो. पण बोललं की मजुरी बुडते आणि वरून मुकादमाच्या शिव्या बसतात, हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच मी मालकांकडे दोन गोष्टी लावून धरल्या. धोक्यापायी मशीन थांबली तर तेवढ्या वेळाची मजुरी द्यायची. आणि मशीन थांबवणारं लाल बटण कोणीही, कोणालाही न विचारता दाबायचं. दुसरी गोष्ट त्यांनी लगेच मान्य केली, पहिलीला वेळ लागला. एका आगीत किती रुई जाईल, शेडचं काय होईल, विमा मिळेपर्यंत हंगाम कसा बुडेल, हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा ते राजी झाले. मग पाळी बदलताना सगळ्यांना उभ्या-उभ्या तेच सांगायला लागलो, मराठीत आणि हिंदीत. मशीनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणाही ठरवल्या.

त्या दुपारी रांगेच्या टोकाला असलेल्या मावशींना वास आला. त्यांनी आधी मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, “पट्टा तापला असन, काम करा.” मावशी क्षणभर थांबल्या आणि सरळ जाऊन बटण दाबलं. अख्खा हॉल एकदम गप्प झाला. मी धावत गेलो तर म्हणाल्या, “जळल्यासारखा वास येऊन राह्यला जी. मी दाबलं.”

मिस्त्रीनं मशीन उघडली. एका मशीनच्या तोंडाशी काळा पडलेला पुंजका होता, हात लावला तर गरम. म्हणजे मागच्या काही मिनिटांची रुई पाला हाऊसमध्ये, म्हणजे रुई साठवायच्या खोलीत, पोचली होती, तिचाही भरवसा नव्हता. रुईच्या ढिगावर नुसतं पाणी मारून भागत नाही, ते आत झिरपत नाही. ढीग फोडावाच लागतो. बाया, पोरं, हमाल, सगळे लागले. थोडी थोडी रुई अंगणात पसरायची, धुमसती दिसली की पाण्यात बुडवायची. ढिगाच्या मधोमध दुसरा पुंजका सापडला, तेव्हा कोणी काही बोललं नाही. त्या वेळात बांधलेल्या गाठी चुन्याची खूण करून उघड्यावर, एकमेकींपासून लांब ठेवल्या. दाबलेल्या गाठीत विस्तव दिवसेंदिवस जिवंत राहू शकतो. पंख्याच्या पात्यावर ताजा ओरखडा होता, आणि खाली एक बोल्ट.

संध्याकाळी मालक आले. मी सगळ्यांसमोर मावशींचं नाव घेऊन काय घडलं ते सांगितलं आणि थांबलेल्या वेळाची मजुरी हजेरीपुस्तकात त्यांच्यादेखत लिहून घेतली. हे बंद खोलीत करायचं काम नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

मुकादमाचं मात्र नाजूक होतं. बाईनं आपल्याला ओलांडलं, हे त्याच्या मनाला लागलं. वीस हंगाम काढलेला माणूस, त्याला चारचौघांत बोलणं मला जमलं नसतं आणि करायचंही नव्हतं. चहा पिताना त्याला म्हटलं, “भाऊ, तुमच्यापर्यंत बातमी आली होती. आता पाळीला बायांना पहिले तुम्हीच इचारा, आज काय दिसलं म्हणून.” तो काही दिवस घुश्श्यात विचारायचा. बायाही त्रोटक सांगायच्या. हळूहळू कुठली मशीन जास्त तापते, कुठल्या ट्रॉलीच्या कापसात खडे आले, हे त्याच्याच तोंडून मला कळायला लागलं.

गाठी थंड निघाल्या. पुढच्या आठवड्यात प्रेसवरचा एक पोरगा माझ्याजवळ आला. हायड्रॉलिकचं तेल गळतंय म्हणाला, आणि लगेच विचारलं, “साहब, पैसा कटेगा तो नहीं?”

“नहीं कटेगा,” म्हटलं, आणि प्रेस थांबवायला लावली.