तुम्ही विचारलंत म्हणून: मी त्या ठरावावर सही का केली नाही

मंगळवेढ्याच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, एसटीच्या थांब्यावर, कुठेही गाठ पडली की प्रश्न एकच. "शाळेचे आलेले पैसे परत का घालवलेस? एक सही करायला काय झालं होतं?" उत्तर द्यायला तोंड उघडलं की विचारणारा दुसऱ्याच विषयावर गेलेला असतो. सही मागितली होती ती मी शाळेच्या समितीची अध्यक्ष म्हणून, तेव्हा एकदा सगळं लिहून काढते.

शाळा व्यवस्थापन समिती काय असते ते आपल्या गावाला सांगायला नको, अर्धं गाव कधी ना कधी तिच्यात बसून आलंय. पण "कमिटीला अधिकार तरी कसला?" असंही तुम्हीच म्हणता. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, त्यातलं कलम 21 वाचा. तीनचतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या बायका, आणि मिळालेलं अनुदान कसं खर्च होतं यावर देखरेख ठेवायची ती समितीनेच. हे मी मनाचं सांगत नाही.

दर महिन्याच्या बैठकीत होतात ती साधीच कामं. पट किती, कोण सारखं गैरहजर, पोषण आहाराचा तांदूळ किती आला आणि किती उरला, चव रजिस्टरवर (जेवण चाखून बघितल्याची वही) उद्या कुणाची सही, स्वयंपाक करणाऱ्या मावशींचं मानधन कुठे अडकलं. कारखाने सुरू झाले की कोणती पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला निघाली आणि तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड दिलं का, हेही बघावं लागतं. 2024 ला गणवेश वरूनच शिवून येणार होते, पोरं कितीतरी दिवस जुन्या कपड्यांत बसली. पुढच्या वर्षी ते काम परत समितीकडे आलं, तेव्हा कापड हातात धरून, पोरांची मापं घेऊन शिवून घेतलं. हे काम मला मनापासून आवडतं. त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

तर तो मार्च. शंभरच्या आत पट असलेल्या आपल्यासारख्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला 25,000 रुपये संयुक्त अनुदान असतं (पट तीस किंवा त्याहून कमी असला तर 10,000). त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालायचा असतो. लाईट बिल, खडू, दुरुस्ती, सगळं त्यातच. पैसे हातात येत नाहीत, पोर्टलवर लिमिट येते, म्हणजे एवढ्यापर्यंत बिलं टाका अशी मंजुरी, आणि 31 मार्चच्या आत वापरली नाही तर जाते. त्या वर्षी आपली लिमिट फेब्रुवारी उलटल्यावर आली. त्याच दिवसांत ज्वारीची काढणी. दुपारी बारा वाजता बैठक लावली तर मजुरी बुडवून कोण बाई येणार?

एका संध्याकाळी चौथीतला एक पोरगा रजिस्टर घेऊन घरी आला. "सरांनी सही मागितलीय." उघडून बघितलं तर बैठकीचं इतिवृत्त लिहून तयार. तारीख तीन दिवसांपूर्वीची. शाळेची रंगरंगोटी सर्वानुमते मंजूर. अनुमोदक म्हणून माझ्या थोरल्या जावेचं नाव. त्या दिवशी त्या वेळेला जाऊ माझ्या शेजारच्या पाथीला ज्वारी काढत होती. दिवसभर आम्ही दोघी रानात होतो. बैठक झालीच नव्हती.

मी रजिस्टर घेऊन तशीच शाळेकडे गेले. सर अजून तिथेच होते, लॅपटॉपसमोर. मी म्हटलं, "शाळेच्या विकास आराखड्यात आपण मुलींच्या शौचालयाला पाण्याची टाकी आणि आतून कडी लिहिलीय. हा रंग कुठून आला?" सर म्हणाले, "ताई, रंगाचं बिल तयार आहे, उद्या टाकलं तर पास होईल. टाकीचं कोटेशनच नाही. पंधराव्या वित्त आयोगातून ग्रामपंचायत करेल." मी म्हटलं, "आज रात्री आठला मारुतीच्या पारावर बैठक घ्या. सगळ्यांसमोर रंग ठरला तर मी सही करते." सर कितीतरी वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लाईट बिल दोनदा माझ्या खिशातून भरलंय. मी पैसे खाणारा माणूस वाटतो का तुम्हाला?"

नव्हतेच ते. माझ्या पोरीला वाचायला त्यांनीच शिकवलं. तेव्हा मी एवढंच म्हणाले, की प्रश्न तुमचा नाही, रजिस्टरचा आहे. पारावर माणसं आली, कोरम भरला नाही. आलेल्यांपैकी अर्धे म्हणाले, "सही करून टाक की." दुसऱ्या दिवशीही जमलं नाही. लिमिट गेली.

उन्हाळ्यात लाईट कापली, डिजिटल वर्गाचा टीव्ही बंद पडला. टाकी तर आलीच नाही. बदल्यांत सर दुसऱ्या तालुक्यात गेले. जाताना सगळ्यांशी बोलले, माझ्याशी नाही. ते मला अजून लागतं.

तेव्हा मी स्वतःला बजावत होते, की आज रंगासाठी न झालेली बैठक झाली म्हणून लिहिली तर उद्या तांदळासाठी लिहितील, आणि त्याच्याखालीही माझंच नाव असेल. आता मी तेव्हाच्या मला विचारते, मग शौचालयात पाणी नाही म्हणून मधल्या सुट्टीत घर गाठणाऱ्या आणि परत न येणाऱ्या पोरींना तू काय दिलंस? तिच्याकडे उत्तर आहे, त्या ठरावात पाणी होतंच कुठे? उत्तर खरं आहे. पण पोरी घरीच जात होत्या, हेही खरं आहे.

काही जण म्हणतात मला मोठेपणा हवा होता. बिनपगारी पदात, मजुरी बुडवून, कसला मोठेपणा? राग येतो मला. बाईने सही केली तर "तिला काय कळतंय" आणि नाही केली तर "जास्त शहाणी". नवऱ्याला पुढे करून बैठकीला पाठवलं असतं तर कुणी काही बोललं नसतं.

जावेचं म्हणणं वेगळं आहे. "माझं नाव लिहिलं तर लिहू दे की, माझं काय जात होतं? लाईट तर राहिली असती. आणि सर करून घेणारा माणूस होता, रंगामागून टाकीही झाली असती." मी म्हणते, "अक्का, तुम्हाला न विचारता तुमचं मत लिहिलं होतं." ती म्हणते, "विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं." इथे आमचं बोलणं दर वेळी अडकतं.

जूनमध्ये समितीला दोन वर्षं होतात, पालक सभेत नवी निवड आहे. अध्यक्षपदासाठी मी पुन्हा नाव देणार आहे. जाऊही देणार आहे. आता बैठक संध्याकाळी आठला असते, तेव्हा काम होतं असं सांगता येणार नाही. या आणि तिथेच विचारा.