शांघायचे पदपथ, चांगचुनचा वेढा

मे 1949 मध्ये शांघाय साम्यवादी सैन्याच्या हाती आले, तेव्हाची काही छायाचित्रे आजही वारंवार पाहायला मिळतात. दुकाने बंद आहेत आणि त्यांच्यालगत पदपथावर शिपाई बंदुका कवटाळून ओळीने झोपलेले आहेत. चीनच्या यादवी युद्धावर लिहिणारा बहुतेक प्रत्येक जण या छायाचित्रांपाशी थांबतो आणि जनतेचे सैन्य जिंकले, लुटारूंचे हरले, असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. छायाचित्रे खरी आहेत, निष्कर्ष मात्र मला अर्धाच पटतो. शिपायांनी कोणाच्या घरात पाऊल ठेवू नये, हा हुकूम होता. आणि ज्या सैन्याला असा हुकूम पाळता येतो, त्याच्याकडून दुसऱ्या प्रकारचे हुकूमही पाळून घेता येतात.

या शिस्तीचा उगम 1927 च्या शरद ऋतूतला आहे. पराभूत होऊन जिंगगांग डोंगरात शिरलेल्या माओच्या लहानशा तुकडीला शेतकऱ्यांच्या आधाराशिवाय जगणे शक्यच नव्हते. सुरुवातीचे नियम तीनच होते: हुकूम पाळा, शेतकऱ्याचे एक रताळेसुद्धा घेऊ नका आणि जमीनदारांकडून जप्त केलेले सर्व जमा करा. पुढे त्यांत आचरणाच्या सूचनांची भर पडत गेली. त्यांतल्या काही फार घरगुती आहेत. शिपाई मुक्कामाला शेतकऱ्याच्या दाराच्या फळ्या काढून त्यांवर झोपत, म्हणून निघताना फळ्या जागच्या जागी बसवाव्यात, अंथरलेला पेंढा बांधून ठेवावा, असे त्यांत सांगितलेले होते. 10 ऑक्टोबर 1947 रोजी हे नियम तीन मुख्य नियम आणि आठ सूचना अशा रूपात पुन्हा जारी झाले: सौजन्याने बोला, योग्य किंमत द्या, उसने घेतलेले परत करा, मोडले तर भरून द्या, कोणाला मारू नका वा शिवीगाळ करू नका, पिके तुडवू नका, स्त्रियांची छेड काढू नका, कैद्यांना छळू नका. दुसऱ्या नियमातल्या रताळ्याची जागा एव्हाना सुई-दोऱ्याने घेतली होती. हुकूम पाळण्याचा नियम मात्र पहिल्या क्रमांकावरून हलला नव्हता.

त्याच 10 ऑक्टोबरला साम्यवादी पक्षाचा नवा जमीन कायदाही प्रसिद्ध झाला, हे मला महत्त्वाचे वाटते. कोणाला मारू नका, हा नियम शिपायासाठी होता. गावच्या सभेत जमीनदाराला, आणि कित्येकदा नुसत्या खात्यापित्या शेतकऱ्याला, मरेपर्यंत मारणारे हात बहुधा गावकऱ्यांचे असत आणि त्या सभांना पक्षाचे पाठबळ असे. सैन्याचा गणवेश स्वच्छ राहण्यामागे कामाची ही वाटणीही होती. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी ज्या सैन्याची सेवा करताना 1942 मध्ये प्राण ठेवला, ते हेच सैन्य होते. त्याची आपल्याकडची प्रतिमा कोटणीसांमुळे बरीच मायेची झाली आहे. त्या मायेला माझी हरकत नाही, परंतु कोटणीसांनी पाहिला तो जपानविरोधी लढ्याचा काळ होता.

शहरे हाती येऊ लागल्यावर ही शिस्त आपोआप टिकली नाही. नोव्हेंबर 1947 मध्ये शिजियाझुआंग घेतले तेव्हा साठे आणि मालमत्ता लुटली गेली, आणि गोरगरिबांना सामान घेऊन जा, असे सांगणारे शिपाईही त्यांत होते. गावातला जप्तीचा रिवाज शहरात चालवला की कारखाने बंद पडतात, हा धडा पक्षाने तिथे घेतला. एप्रिल 1948 मध्ये लुओयांग शहरासंबंधी माओने तार करून सरसकट अटका, कत्तली आणि जप्ती यांना आळा घालायला सांगितले. शांघायवर चाल करण्यापूर्वी साम्यवादी सेनापती चेन यी यांनी दानयांग येथे अधिकाऱ्यांना बजावले की, शहरात शिरतानाची शिस्त ही नागरिकांना पहिल्या भेटीत द्यायची भेटवस्तू आहे. शहरी वस्तीत जड तोफा वापरायच्या नाहीत, हा निर्बंधही होता. सूचो नाल्याच्या पलीकडच्या उंच इमारतींतून मशीनगनचा मारा होऊन माणसे पडू लागली, तेव्हा खालच्या अधिकाऱ्यांनी तोफांची परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली. इतक्या तयारीनंतरही चूक होतेच: नानजिंगमध्ये एप्रिल अखेरीस काही शिपाई थेट अमेरिकी राजदूत लेटन स्टुअर्ट यांच्या शयनगृहात शिरले, आणि वृद्ध राजदूत तेव्हा अंथरुणातच होते. या प्रकाराची दखल खुद्द माओला घ्यावी लागली.

समोरच्या कुओमिंतांगच्या, म्हणजे च्यांग कै-शेक यांच्या सत्ताधारी पक्षाच्या, सैन्यातही नियम होते आणि शिक्षा तर फारच कडक होत्या. परंतु त्या सैन्याची घडणच अशी होती की शिपायाला लुटीवाचून जगणे अवघड व्हावे. सक्तीने धरलेल्या तरुणांना दोरीने एकमेकांना बांधून छावणीपर्यंत चालवत नेत, आणि त्यांतले कित्येक वाटेतच उपासमारीने वा आजाराने मरत. मेलेल्या आणि पळालेल्या शिपायांची नावे हजेरीपटावर ठेवून त्यांचा पगार अधिकारी खात. उरलेल्याच्या हाती जे पडे, ते चलनवाढ गिळून टाकी. ऑगस्ट 1948 मध्ये जुन्या 30 लाखांना एक या दराने सोन्याच्या नावाचे नवे चलन आणले, तेही काही महिन्यांत मातीमोल झाले. हेनान प्रांतात पूर, दुष्काळ आणि टोळधाड यांच्या जोडीला चौथे संकट म्हणून लोक सेनापती तांग एन-पो याचे नाव घेत. 1944 मध्ये जपान्यांपुढून माघार घेणाऱ्या त्याच्या सैन्यावर तिथल्या शेतकऱ्यांनीच हल्ले करून हत्यारे हिसकावून घेतली. शांघायच्या बचावाचे सेनापतिपद 1949 मध्ये याच तांगकडे सोपवले गेले, यावरून च्यांग कै-शेक यांच्यापाशी माणसांची किती वाण होती ते कळते. फेब्रुवारी 1947 मध्ये तैवानात उठाव झाल्यावर मुख्य भूमीवरून उतरलेल्या फौजेने नागरिकांची जी कत्तल केली, तिला मात्र उपासमारीची सबब देता येत नाही. तो वरून आलेला दहशतीचा निर्णय होता.

कुओमिंतांगचा शिपाई जात्याच वाईट होता, या समजाला सर्वांत मोठा छेद युद्धकैदी देतात. पकडलेल्या शिपायांना साम्यवादी सैन्य पोटभर जेवण देई, घरी जायचे असल्यास जाऊ देई आणि राहायचे असल्यास आपल्यात घेई. 1947-48 च्या हिवाळ्यापासून सभा भरवून प्रत्येकाला आपल्या आयुष्यातले हाल सर्वांसमोर बोलायला लावत. ऐकणारे रडत, आणि रडून झाल्यावर या हालांना जबाबदार कोण, हे त्यांना सांगितले जाई. 1948-49 च्या हिवाळ्यातल्या हुआइहाइच्या लढाईत तर कैद झालेले शिपाई काही दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, टोपी बदलून आपल्याच जुन्या सैन्यावर गोळ्या झाडू लागले. काल गावातली कोंबडी पळवणारा माणूस आज सुईसुद्धा परत करू लागला, तर फरक त्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा भाकरीत, नजर ठेवणाऱ्या राजकीय अधिकाऱ्यात आणि घरी मिळालेल्या जमिनीच्या तुकड्यात शोधावा, हे बरे.

आता चांगचुन. मंचुरियातल्या या शहराला 1948 च्या उन्हाळ्यापासून साम्यवादी सेनापती लिन बिआओच्या सैन्याने वेढा दिला. आतला सेनापती झेंग दोंगगुओ शरण येईना, म्हणून शहर उपाशी पाडायचे ठरले. आतल्या सैन्याने नागरिकांचे धान्य काढून घेतले आणि खाणारी तोंडे कमी व्हावीत म्हणून त्यांना शहराबाहेर लोटले. बाहेरच्या सैन्याने त्यांना पुढे जाऊ दिले नाही. दोन्ही पहाऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात माणसे गवत आणि झाडपाला खाऊन मेली. वेढ्यातील मृतांचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात. सप्टेंबरमध्ये वेढा घालणाऱ्यांनीच माओला पाठवलेल्या अहवालात लिहिले आहे की, भुकेले लोक पहारेकऱ्यांपुढे गुडघे टेकून विनवण्या करत, तान्ही मुले त्यांच्यापुढे टाकून जात, आणि काही शिपाईही त्यांच्यासोबत गुडघे टेकून रडत. काहींनी लोकांना मारहाण केली, गोळ्याही झाडल्या, हेही त्याच अहवालात आहे. मारहाण आठ सूचनांच्या विरुद्ध होती. रस्ता न सोडणे मात्र पहिल्या नियमाला धरूनच होते. त्या पट्ट्यात लूट झाली नाही, स्त्रियांची छेड निघाली नाही, असे धरले तरी तिथला संहार तसूभरही कमी होत नाही, आणि शांघायच्या छायाचित्रांशेजारी तो ठेवला जात नाही याचे मला नेहमी नवल वाटते.

चांगचुनच्या आत युन्नान प्रांतातून आणलेली 60 वी सेनाही होती. विमानांतून टाकलेल्या तांदळात तिच्या वाट्याला नेहमी कमी येई आणि केंद्रीय फौजांचे अधिकारी तिला सावत्र वागणूक देत. 17 ऑक्टोबर 1948 रोजी तिचा सेनापती झेंग झेशेंग आपल्या सैन्यासह फुटला आणि शहराचा शेवट ठरला. काही दिवसांत झेंग दोंगगुओही शरण आला. फुटलेल्या सेनेला जनमुक्ती सेनेने, म्हणजे साम्यवादी सैन्याने, 50 वी सेना असा नवा क्रमांक दिला, आणि 1951 च्या आरंभी, सेनापती तोच असताना, ती कोरियात हान नदीच्या काठी अमेरिकी तोफखान्यासमोर कित्येक आठवडे टिकून राहिली.