सगळ्या पावत्या 150 च्याच

ऑडिटमध्ये एकसारखे आकडे दिसले की हात आपोआप थांबतो. देणगी देताना कोणी 51 लिहितं, कोणी 1,100, कोणी खिशात असतील तेवढे काढून देतं. रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, ट्रस्टचं पावतीपुस्तक चाळत होते, तर ओळीने 150, 150, 150. तारीख सगळ्यांवर एकच. एका बैठकीत मागाहून फाडलेल्या पावत्या अशाच दिसतात. मी पेन्सिलीने खूण केली आणि सेक्रेटरी काकांना विचारलं.

काका बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. पोस्टातून रिटायर झालेले. "अगं, ते अर्ध्या शेकेलचे," म्हणाले. "त्यात कमी-जास्त चालत नाही." (शेकेल हे ज्यूंचं जुनं वजन, चांदी मोजायचं.)

मग त्यांनी कपाटातून स्टीलची ताटली काढली. तिच्यात तीन अठण्या. पुरीम या ज्यू सणाच्या आदल्या दिवशी, एस्तेर राणीच्या नावाच्या उपासाला, संध्याकाळी ही ताटली दाराशी ठेवतात. (पुरीमला त्यांच्याकडे पूर्वी 'होळीचा सण' म्हणायचे.) येणारा ठरलेली रक्कम भरतो, तीन अठण्या हातात घेतो, परत ठेवतो. अठण्या आता कोण वापरतं, म्हणून दरवर्षी त्याच तीन.

नियम मोशेच्या काळचा. वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल चांदी द्यायची. श्रीमंताने जास्त नाही, गरिबाने कमी नाही. बायबलमधल्या निर्गमच्या पुस्तकात हिशेबही आहे. देणारे 6,03,550, आणि त्या चांदीतून ओतल्या त्या पवित्र मंडपाच्या, म्हणजे तंबूवजा देवळाच्या, फळ्या-खांबांखालच्या 100 बैठका, ज्यांच्यावर सगळा डोलारा उभा. (एवढी चोख टाळेबंदी आमच्या क्लायंटांपैकी कोणी देत नाही.) पुढे जेरुसलेमच्या मंदिरात दरवर्षी अदार या ज्यू महिन्यात (पुरीम येतो तोच) ही वसुली व्हायची आणि त्यातून रोजचे सार्वजनिक बळी दिले जायचे, म्हणजे त्यांत प्रत्येकाचा वाटा सारखा. इ. स. 70 मध्ये मंदिर गेलं. आता उरली आहे ती आठवण आणि ही पावती.

आम्ही बोलत असतानाच इस्रायलहून सुट्टीवर आलेले एक गृहस्थ आत आले. गावी घर, धंदा बरा असावा. अर्ध्या शेकेलचे राहिले होते म्हणाले, आणि 500 च्या दहा नोटा टेबलावर ठेवल्या. काकांनी 150 ची पावती फाडली, बाकीचे त्यांच्याकडे सरकवले.

"राहू द्या ना काका, सगळे त्यातच घ्या."

"या पुस्तकात नाही. छपराच्या पुस्तकात लिहा हवे तेवढे. पण परदेशी नागरिक असाल तर तेही नाही, त्याचं खातं वेगळं."

"पासपोर्ट अजून भारताचाच आहे."

छपराचं पुस्तक बघण्यासारखं होतं. 101 पासून दोन लाखांपर्यंत. कोणी आईच्या नावाने, कोणी नातवाच्या बारशाला, कोणी शेजाऱ्यापेक्षा एक रुपया जास्त. मला स्वतःला पहिलं पुस्तक आवडलं. पण कौलं आणि वासे या दुसऱ्याच्या जिवावर आले होते, हे खर्चाच्या बाजूला स्पष्ट दिसत होतं. आणि तेही शास्त्राला धरूनच आहे: मंडपासाठी सोनं, जांभळं सूत, कातडी ज्याच्या मनाला येईल त्याने आणायची होती. लोकांनी इतकं आणलं की मोशेला दवंडी पिटून थांबवावं लागलं.

मी पेन्सिलीची खूण खोडली. सुताराच्या बिलाला मात्र व्हाउचर नव्हतं, ते मागितलं.

"देतो," काका म्हणाले. "आणि तुझ्या रिपोर्टात लिही, आमच्यावर अजून थांबवायची वेळ आलेली नाही. गळतंय अजून एका कोपऱ्यात."