पूर ओसरल्यावर पडलेली भिंत आणि पंचनामा

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. जुलै २०२१ मध्ये पाणी तिच्या कितीतरी वर गेलं. चिखल काढणं, वीज जोडून घेणं हे आठवड्यात उरकलं. अडलं ते पंचनाम्यातल्या, घराची किती पडझड झाली त्या टक्क्यांच्या रकान्यात.

मातीची भिंत पुरात पडतेच असं नाही. दोन्ही बाजूंनी पाणी असतं तोवर ती तगून राहते. पाणी उतरलं की ओली भिंत जड, तळाची माती लोण्यासारखी, आणि वर वासे-कौलांचं ओझं तेवढंच. मग पायाशी फुगवटा येतो, कोपरा चिरतो आणि भिंत बसते. आमच्या घराचा पंचनामा पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी झाला, ‘अंशतः, १५ टक्के’. मागची आणि बाजूची भिंत नवव्या दिवशी बसली, निम्मं छप्पर घेऊन. तेव्हाच्या निर्णयानुसार १५ टक्के पडझडीला १५ हजार, २५ टक्क्यांना २५ हजार, ५० टक्क्यांना ५० हजार आणि पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख रुपये होते. तोंडी सांगायला गेलं की एकच उत्तर, ‘यादी वर गेली.’ सहा हेलपाटे त्यात गेले, याचा राग अजून आहे. सातव्यांदा फेरपंचनाम्याचा लेखी अर्ज दिला आणि पोच म्हणून आवक क्रमांक घेतला, तेव्हा माणूस पाहणीला आला.

अर्जात भिंत पडल्याची तारीख आणि पडलेल्या भागाची लांबी-उंची फुटांत लिहा. फोटोत टेप धरा. पाहणी होईपर्यंत मलबा हलवू नका. भिंत किती होती याचा तोच पुरावा. उरलेल्या भिंतींना आधी टेकू द्या, मगच आत जा.

घर आजोबांच्या नावावर असेल तर वारसांचं संमतिपत्र आधीच करा. गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा (घराच्या कर आकारणीचा) उतारा लागतो, शहरात प्रॉपर्टी कार्ड.

बांधताना काळ्या मातीवर पाया थांबवू नका, ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. मुरूम लागेपर्यंत खोदा. जोत्यातली भर सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मसानं (माती ठोकायच्या जड दांड्यानं) ठोका. जोत्यावर सलग आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटचा) पट्टा घ्याच.

आणि पुराच्या पाण्याची रेघ पुसायच्या आत शेजारच्या पक्क्या भिंतीवर ऑइलपेंटनं उमटवून ठेवा. जोत्याची उंची त्या रेघेवरून ठरवायची आहे.