आमची वाटचाल : "बॅटरी आहे का?" पासून "टिंट कुठला?" पर्यंत

आधीच सांगतो, बडोद्यात टॉर्चला टॉर्च फारसं कोणी म्हणत नाही, बॅटरीच म्हणतात, मराठी घरात पण आणि गुजराती घरात पण. आणि आतल्या सेलला पण बरेच जण बॅटरीच म्हणतात, त्यामुळे आमच्या दुकानात दिवसाचं पहिलं बोलणं असं, "बॅटरी आहे का?" "कुठली, पेटवायची का घालायची?" हे आजोबांपासून चालू आहे.

आमचे पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत साताऱ्याकडून इकडे आले, आजोबांपर्यंत चाकरी संपली होती, ते दांडिया बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. घड्याळासोबत लोक पितळी बॅटऱ्या पण आणून टाकायचे, दोन सेलच्या, तीन सेलच्या, रात्री शेतावर साप-विंचू बघायच्या. बहुतेकींचा आजार एकच, सेल आत फुटून चिकटलेला. साध्या सेलचं बाहेरचं जस्ताचं डबडं वापरता वापरता खाल्लं जातं, मग भोक पडतं आणि आतलं पाणी नळीत उतरतं. आजोबा आधी लाकडी ठोकळ्यावर नळी आपटायचे, नाहीच हललं तर सेलच्याच पोटात लांब स्क्रू पिळायचे आणि स्क्रूला पक्कड लावून ओढायचे, मी नळी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायचो. सेल निघाला की खायच्या सोड्याचं पाणी, कारण ती घाण आम्लाची. (अल्कलाईन सेल फुटला की सगळं उलटं, त्याला व्हिनेगर किंवा लिंबू लागतं. लोक हे बरोब्बर उलटसुलट करतात आणि मग आमच्याकडे येतात.)

बाबांच्या काळात इमर्जन्सी लाईट, चार्जिंगचे प्लास्टिकचे टॉर्च, कॅलक्युलेटर असं सगळं आलं, धंदा बरा होता, त्याबद्दल फार सांगण्यासारखं काही नाही. मी बसायला लागलो आणि थोड्याच वर्षांत प्रत्येक मोबाईलच्या मागे लाईट आला. दिवसाला चार-पाच टॉर्च जायचे ते आठवड्याला एकावर आले. बाबा म्हणाले मोबाईलची कव्हरं ठेव. ठेवली. लाज कसली, दुकानाचं भाडं आजही कव्हरंच भरतात.

मग २०१९ चा पाऊस. ३१ जुलैला एका दिवसात वीस इंचाच्या आसपास पडला आणि विश्वामित्री नदीतल्या मगरी सोसायट्यांच्या गल्ल्यांत फिरायला लागल्या, ते व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. पाणी ओसरल्यावर मगरी पकडणाऱ्या मुलांपैकी एक जण दुकानात आला, चिखलाने भरलेला, म्हणाला १८६५० सेल आहे का. मी म्हटलं हा पिनकोड आहे का काय. त्याने समजावलं, १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, लिथियमचा, आणि खिशातून आपला टॉर्च काढला, माझ्या अंगठ्याहून थोडा जाड. आम्ही मागच्या बोळात गेलो, संध्याकाळ उलटून गेली होती, त्याने बटण दाबलं आणि बोळाच्या त्या टोकाला जुन्या वाड्याच्या गच्चीवरच्या टाकीवर झोपलेलं कबूतर मला दिसलं. कबुतराची मान दिसली! तीस वर्षं मी त्या बोळात सायकल लावतोय, तिकडे टाकी आहे हेच मला माहीत नव्हतं. शेजारचे चहावाले काका बाहेर येऊन म्हणाले, "अरे, आ तो दिवस करी नाख्यो."

त्या मुलाकडून एक गोष्ट शिकलो ती आजही प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो. पाण्यातली मगर शोधायची तर टॉर्च गालाशी लावून धरायचा. मगरीच्या डोळ्यामागे आरशासारखा पडदा असतो, तो उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतो, त्यामुळे तुमचा डोळा आणि टॉर्च जेवढे जवळ तेवढे ते दोन लाल निखारे स्पष्ट, आणि दोन निखाऱ्यांमधलं अंतर बघून ही मुलं सांगतात की पिल्लू आहे का मोठी. धुक्यात मात्र नेमकं उलटं, टॉर्च कमरेशी धरा, नाहीतर थेंबांवरून उजेड परत येतो आणि डोळ्यासमोर पांढरी भिंत.

नाद लागतो तो असा. गरज म्हणून टॉर्च घेणारा माणूस एक घेतो आणि चार वर्षं तोंड दाखवत नाही. नाद लागलेला माणूस घरात सहा असताना सातवा घ्यायला येतो, आणि मी कितीतरी महिने अशा लोकांना वेड्यात काढत होतो. एक बँकेतून रिटायर झालेले काका यायचे, पावागढला चालत जाणाऱ्यांपैकी, नवरात्रात रात्री हायवेवरून पन्नासेक किलोमीटर, म्हणून पहिला टॉर्च नेला. पंधरा दिवसांनी आले, हा लांब मारतो पण पायाखाली दिसत नाही. बरोबर आहे, खोल आणि गुळगुळीत रिफ्लेक्टर सगळा उजेड मधल्या ठिपक्यात गोळा करतो. मग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत रिफ्लेक्टरवाला नेला. मग डोक्याला बांधायचा. मग म्हणाले बॉक्सवर ५०० मीटर लिहिलंय, मला तर त्याच्या अर्ध्यावर काही ओळखू येत नाही, फसवताय का? तेव्हा मला बसून वाचावं लागलं. तो आकडा म्हणजे तेवढ्या अंतरावर पाव लक्स उजेड पोचतो, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, बास. चांदण्यात तुम्ही माणूस आहे एवढं सांगाल, कोण आहे ते नाही. आणि अंतर दुप्पट हवं तर कँडेला, म्हणजे झोताचा जोर, चौपट लागतो. काकांनी कॅलक्युलेटर काढून काउंटरवरच तीन टॉर्चचा हिशोब केला आणि सगळ्यात महाग होता तो नेला.

पुढची पायरी रंगाची, आणि ही वाईट. खंभातहून एक अकीकवाले भाई येतात, दगड उजेडासमोर धरून आतले पट्टे बघायला त्यांना टॉर्च लागतो. त्यांना मी भारीतला, भरपूर ल्युमेनवाला, म्हणजे एकूण उजेड जास्त असलेला दिला, त्यांनी लाल अकीक त्यावर धरला आणि म्हणाले हा तर मेलेला दिसतो. स्वस्त पांढरी एलईडी म्हणजे मुळात निळी एलईडी, वर पिवळा लेप, त्या उजेडात लाल फारच कमी. (ती चांगली निळी एलईडी जपानच्या निचिया कंपनीत नाकामुरांनी १९९३ च्या सुमाराला बनवली, पुढे अकासाकी आणि अमानो यांच्यासोबत त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं. आमच्या बॅटरीवेड्यांत निचियाचं नाव कुलदैवतासारखं घेतात.) मग निचियाचीच ५१९ए एलईडी टाकलेला एक साधा टॉर्च मागवला, रंग खरे दाखवणारा. रात्री घरी दोन्ही टॉर्च आळीपाळीने बायकोच्या कपाळावर मारले, एकात कुंकू तपकिरी, दुसऱ्यात कुंकवासारखं कुंकू. ती म्हणाली, कळलं, आता डोळ्यातून काढ.

तेव्हापासून माझंच वाटोळं झालं. टिंट, म्हणजे उजेडाची रंगछटा, एकदा दिसायला लागला की लपवता येत नाही. आमच्या स्वयंपाकघरातली ट्यूब हिरवट आहे हे मला आता रोज जेवताना दिसतं, घरात दुसऱ्या कोणालाही दिसत नाही.

मधे एक मोठा फटका पण बसला. एका व्यापाऱ्याकडून दोनशे सेल उचलले, वर ९८०० एमएएच (सेलमधे किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलेलं, भाव अर्धा. मला तेव्हा एवढंही माहीत नव्हतं की १८६५० च्या डबड्यात साडेतीन हजार, फार तर थोडं वर, एवढंच मावतं. गिऱ्हाईक परत यायला लागले, वीस मिनिटात लाईट बंद. बायकोने स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला, चांगला सेल ४६ ग्रॅम, यातला एक ३१, एक २९. व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं, पैसे गेले ते गेलेच. पण तो काटा काउंटरवरच राहिला, आज आम्ही प्रत्येक सेल गिऱ्हाईकासमोर वजन करून देतो आणि लोक त्याचे फोटो काढतात. घरी पोह्यांसाठी नवा काटा घ्यावा लागला.

ऑगस्ट २०२४ मधे विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. दुकानात मांडीपर्यंत पाणी, कव्हरांचा खालचा सगळा माल गेला, कितीतरी भागांत लाईट नव्हती. तेव्हा ज्या माणसाला घरचे "चौदा टॉर्च कशाला हवेत" म्हणून रोज ऐकवत होते, त्याने आपल्या जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर एक टॉर्च उभा करून ठेवला, तोंड छताकडे, बीम छतावर आपटून सगळा जिना उजळतो, आणि अगदी मंद मोडवर ठेवला तर सेल दिवसचे दिवस पुरतो. पाणी उतरल्यावर त्याची बायको स्वतः दुकानात आली आणि माहेरी द्यायला दोन घेऊन गेली. मी त्याला फोन करून सांगितलं, तो बराच वेळ काही बोललाच नाही.

आता शनिवारी दुकान बंद केल्यावर आमच्या गच्चीवर सात-आठ जण जमतात. एक जण फर्मवेअर, म्हणजे टॉर्चच्या आतला प्रोग्रॅम, बदलणारा, त्यातल्या अँड्युरिल नावाच्या प्रोग्रॅमचा भक्त, सारखं बटणाचं क्लिक क्लिक, तीन क्लिक केले की टॉर्च चार वेळा लुकलुकतो, थांबतो, एकदा लुकलुकतो, म्हणजे सेल ४.१ व्होल्टवर. चार क्लिक म्हणजे लॉक. त्याची पॅन्ट एकदा लॉक न केल्यामुळे खिशातच भाजली, तेव्हापासून चार क्लिक केल्याशिवाय तो टॉर्च खिशात घालत नाही. एक जण शुक्रवारी बाजारातून फक्त जुन्या पितळी बॅटऱ्या शोधून आणतो, चालू नसल्या तरी चालतात. त्याच्या हातातली एक बघून मला आजोबांचा स्क्रू आठवला आणि म्हटलं आपणच पितळी का बनवू नये.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, एका लेथवाल्याला पटवलं, चाळीस नगांची पहिली बॅच, एका १८६५० सेलची. लेथवाला म्हणाला एवढ्याशा नळीला एवढे नखरे? आटे खरखरीत आले, टोपी फिरवताना वाळू चावल्यासारखं व्हायचं, ओ-रिंगची (पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगची) खाच खोल गेली म्हणून रिंग सैल बसली, बादलीत बुडवून बघितलं तर बुडबुडे. अकरा नग भंगारात. दुसऱ्या वेळी मी तिथेच स्टूल टाकून बसलो. पितळेला उष्णता जास्त झेपते असं गिऱ्हाईकांना वाटतं, ते खरं नाही, ॲल्युमिनियम त्याहून चांगलं आणि तांबं त्याहूनही चांगलं, पितळ फक्त ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड असतं. हे मी विकताना सांगतो, तरी घेतात, हातात धरून बघितलं की घेतातच.

दुसरी बॅच बिनगळतीची आली. ऑर्डर देणाऱ्यांची अट होती की पॉलिश करायचं नाही, काळपट डाग पडायला हवेत, प्रत्येकाच्या हाताच्या घामाने वेगळे पडतात म्हणे. म्हणून तीस नग मी महिनाभर माळ्यावर उघडे ठेवले. गणपतीच्या आदल्या दिवशी आईने समया आणि निरांजनं घासायला काढली आणि त्यासोबत ते तीसही पितांबरी लावून लख्ख केले, ओळीने टॉवेलवर वाळत ठेवले आणि मला म्हणाली, "अरे, विकायचा माल असा कळकट ठेवतात का?"

त्यातले एकोणीस तसेच गेले, चकचकीत म्हणून. अकरा परत माळ्यावर आहेत, या वेळी कुलपात.