देवाचं क्षेत्र किती धरायचं?

गडचिरोलीत सामूहिक वनहक्काचे, म्हणजे जंगलावरच्या अख्ख्या गावाच्या हक्काचे, दावे तयार करायला ग्रामसभांना मदत करणं हे माझं काम. त्यातलं बरंचसं झेरॉक्सच्या दुकानात चालतं: ठराव, निस्तार पत्रक (गावाच्या जंगलवापराची जुनी नोंद), जुने नकाशे, सह्या-अंगठे. उरलेली पायपीट. हा दिवस पायपिटीचा होता. एटापल्ली तालुक्यातल्या एका माडिया आदिवासी गावाच्या दाव्याची जागेवर पडताळणी होती.

पडताळणी गावाची वनहक्क समिती करते. वनखात्याला आणि महसूलला आधी नोटीस जाते. एरवी त्या नोटिशीला कोणी भीक घालत नाही. त्या दिवशी वनपाल, वनरक्षक, तलाठी असे तिघेही आले. वनपालांकडे कक्ष क्रमांकांचा, म्हणजे वनखात्याने जंगलाचे पाडलेल्या तुकड्यांचा नकाशा, माझ्याकडे जीपीएस आणि गावाकडे भूमिया. गावाचं देवधर्म बघणारे हे आजोबा अनवाणी, खांद्यावर कुऱ्हाड टाकून सगळ्यांच्या पुढे चालत होते.

हद्द तेच दाखवत होते. बीज पंडुमला, म्हणजे बियाण्याच्या सणाला, कोंबडं कुठवर कापायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक. नाल्याच्या अलीकडे आपले देव, पलीकडे शेजारच्या गावाचे. तिकडे पूजा तिकडचा भूमियाच करणार. त्यामुळे कुठल्या झाडाशी थांबायचं याबद्दल आजोबा एकदाही घुटमळले नाहीत. नकाशात मात्र ती रेघ दोन कक्षांच्या मधूनच जात होती, आणि वनपालांना ते खटकत होतं. पण 2006 च्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनसंसाधनाची व्याख्याच गावाच्या रूढीच्या हद्दीवर उभी आहे. पुराव्यांच्या नियमात पवित्र झाडं, देवराया, तळी, मसणवट यांची नोंद आहे, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. नियमाची प्रत पिशवीत होतीच, ती काढून दाखवली.

खरी अडचण टेकडीवर आली. वर देवाचं ठाण: चार दगड, एक लाकडी खांब, वाळलेली पिसं. वनपालांनी पेन काढलं आणि अगदी सरळपणे विचारलं, "ताई, देवस्थानाचं क्षेत्र किती धरायचं? दहा गुंठे लिहू?"

माणूस वाईट नव्हता. ठाणाची नोंद सुटू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण माझ्या पोटात गोळा आला. दहा गुंठ्यांचा गोल एकदा कागदावर उतरला, की उद्या टेकडी मागायला येणारा म्हणेल, तुमचे दहा गुंठे सोडले, वर कुंपणही घालून देतो. सूरजागडची टेकडी याच तालुक्यात आहे. तिथे ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि तिथेच लोहखनिजाची खाणही आहे.

गावातल्या एका तरुणाने प्रश्न माडियात सांगितला. आजोबांनी तो दोनदा विचारून घेतला, मग म्हणाले, "ठाण इथं आहे. पण तो इथंच बसून राहतो, असं साहेबाला कुणी सांगितलं?"

समितीच्या अध्यक्ष बाईंनी लगेच जोड दिली, "खालच्या धानाला पाणी या टेकडीचं येतं. ते पण त्याचंच."

मी स्वतः देवळात फारशी जाणारी नाही. पण गावाची बाजू यापेक्षा नेमकी मांडणं मला जमलं नसतं. ओडिशातल्या नियमगिरीचा वादही हाच होता. डोंगर हाच आमचा देव नियमराजा, असं तिथले डोंगरिया कोंध आदिवासी सांगत होते. 18 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या धार्मिक हक्कांचा विचार ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. हे मी वनपालांना सांगितलं. ते म्हणाले, "ते ओडिशा झालं, मॅडम." बरोबरच होतं त्यांचं, त्यांना वर उत्तर द्यायचं होतं.

पंचनाम्यावर मग बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी क्षेत्राचा आकडा टाकलाच नाही. ठाणाचा जीपीएस बिंदू लिहिला आणि 'संपूर्ण टेकडी देवाची' या आजोबांच्या जबाबापुढे नाला, डोंगराची धार आणि पायवाट अशा तिन्ही बाजूंच्या खुणा घातल्या. जबाब आधी माडियात, देवनागरीत उतरवला, खाली त्याचं मराठी, मग अंगठा. वनपालांनी 'हरकत राखून' असा शेरा मारून सही केली. मला तेही चाललं. न आलेल्या अधिकाऱ्यापेक्षा हरकत लिहिणारा बरा, निदान वरच्या समितीत तिला उत्तर देता येतं.

सगळे उठायला लागले, तेव्हा अध्यक्ष बाई अडून बसल्या. या गावात बायका ठाणापर्यंत जात नाहीत. त्या मघाशी बोलल्या तेही खालच्या पायवाटेवरून. देवाच्या वाटेने काढलेल्या हद्दीत मोहफुलं, कंदमुळं, डिंक यांच्या जागा कुठेच आल्या नव्हत्या आणि त्या बायकांनाच ठाऊक. मला हे सुचलं नव्हतं. वनपालांनी घड्याळ पाहिलं. बाई म्हणाल्या, "अर्धं जंगल अजून लिहायचं आहे, साहेब. बसा."

तलाठ्यांनी नवा कागद काढला.